वैद्यक-शल्य परिचर्या, धाराशिव जिल्ह्यातील
औषधोपचार वा शस्त्रक्रिया चालू असलेल्या प्रौढ रुग्णाच्या स्थितीचे वारंवार परीक्षण करून त्यानुसार त्याची काळजी घेण्याचे शास्त्र म्हणजे वैद्यक-शल्य परिचर्या. नाडी, श्वसन, तापमान, रक्तदाब, शुद्धी व मूत्राचे प्रमाण यांची नोंद हा तिचा पाया असून नोंदींतील बदलाचा अर्थ वेळीच ओळखणे हे तिचे मर्म होय. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तिची कठोर कसोटी ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लागली.

हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्येच झाला होता, परंतु तो या भागास लागू नव्हता. महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. त्यानंतरच्या दशकांत खेड्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः साहाय्यक परिचारिका-प्रसाविका. गरोदर स्त्रियांची तपासणी, बाळंतपण, लसीकरण व कुटुंबनियोजन ही तिची कामे. माता व बालके यांच्या दृष्टीने ही योजना योग्यच होती. मात्र हाड मोडलेला शेतकरी, पोटाची शस्त्रक्रिया झालेली मजूर स्त्री किंवा अर्धांगवायूचा वृद्ध यांची शुश्रूषा बहुधा घरच्या माणसांवरच पडे. रुग्णाच्या उशाशी रात्र काढणाऱ्या या माणसाची गणना आरोग्य-अहवालात सहसा होत नाही.

भूकंप पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाच्या रात्री झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर (सध्याचा लोहारा तालुका) ही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी होत. दगडमातीच्या जाड भिंती व त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे ८,००० माणसे दगावली व सुमारे १६,००० जखमी झाली. त्या वेळी धाराशिव वा लातूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते सोलापूर व आंबेजोगाई येथे होते. उमरग्याहून सोलापूर शंभर किमी.च्या आसपास आहे.

अशा जखमींच्या परिचर्येत पहिले काही तास निर्णायक असतात. नाकातोंडात माती गेलेल्याचा श्वासमार्ग प्रथम मोकळा करावा लागतो. पाठीस मार बसलेल्याला डोके, मान व धड एका रेषेत ठेवूनच उचलावे लागते. तसे न केल्यास अस्थिर मणक्यामुळे मेरुरज्जूची इजा वाढून कायमचे लुळेपण येण्याचा धोका असतो. ढिगाऱ्याखाली बराच काळ दबलेल्या पायाचे प्रकरण अधिक फसवे. रुग्ण बोलतो, पाणी मागतो, म्हणून तो वाचला असे वाटते. परंतु दाब सुटताच चेंगरलेल्या स्नायूंतील विषारी द्रव्ये रक्तात मिसळून वृक्के (मूत्रपिंडे) निकामी होऊ शकतात व हृदयक्रियाही बंद पडू शकते. म्हणून शक्यतो सुटकेपूर्वीच शिरेतून द्रव देणे सुरू करतात. मूत्र कमी होणे व त्याचा रंग गडद तपकिरी दिसणे ही धोक्याची खूण असून ती बहुधा परिचारिकेलाच आधी दिसते. मातीने भरलेल्या जखमांत धनुर्वाताचे भय असते ते वेगळेच.

त्यानंतरचे काम संथ आणि कमी दिसणारे असते. कमरेखाली लुळ्या पडलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलणे, त्वचेवरील लाली तपासणे, मूत्राशय रिकामे करणे व सांधे हलवीत राहणे ही कामे चुकल्यास शय्याव्रण व मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. मूळ इजेतून वाचलेले रुग्ण यांमुळेही दगावतात. रुग्णालयातून घरी पाठविताना हे सर्व नातेवाइकांना करून दाखविणे हा म्हणूनच परिचर्येचा अविभाज्य भाग मानला जातो. टिनाच्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्या कुटुंबांना ते पाळणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना करता येते.

भूकंपानंतर सास्तूर येथे स्पर्श ग्रामीण रुग्णालय उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यांतील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्राथमिक उपचारांचे शिक्षण दिले. धाराशिव येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू झाले.