महाराष्ट्र म्हातारा होतोय, पण त्याचं बिल कोणाच्या घरी येणार?

महिन्याला २०० रुपये.

दारिद्र्यरेषेखालच्या, साठी ओलांडलेल्या माणसाला केंद्र सरकार पेन्शन म्हणून देतं ती रक्कम एवढीच आहे. योजनेचं नाव भलं मोठं आहे - इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना. १९९५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा ७५ रुपये मिळायचे, २००६ मध्ये त्याचे २०० झाले. ऐंशीच्या पुढच्यांना ५०० मिळतात. बाकीच्यांचे २०० मात्र तेव्हापासून २००च आहेत. (मधल्या काळात माजी खासदारांचं किमान पेन्शन वाढत वाढत महिन्याला ३१ हजारांवर गेलं, हे जाता जाता.)

महाराष्ट्रात राज्य सरकार यात भर घालतं, म्हणून श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्याच्या हातात महिन्याला १,५०० रुपये पडतात. वयाची अट ६५ वर्षं, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. २०२४ मध्ये आलेल्या 'लाडकी बहीण'मध्येही १,५०० रुपयेच आहेत, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि वयाची मर्यादा ६५. म्हणजे वर्षाला लाखभर कमावणाऱ्या घरातल्या बाईला ६४व्या वर्षी पैसे मिळतात. पासष्टी ओलांडली की 'लाडकी बहीण' बंद, आणि श्रावणबाळसाठी ती 'श्रीमंत' ठरते. हातपाय थकायला लागतात नेमके तेव्हाच पैसे थांबतात.

लोकसंख्या म्हातारी झाली की अर्थव्यवस्थेचं काय होतं, या प्रश्नाचं पुस्तकी उत्तर असं: काम करणारे हात कमी होतात, बचत घटते, सरकारचा खर्च वाढतो. भारतात मात्र या बिलाचा मोठा भाग सरकारकडे जातच नाही. तो घरी येतो.

महाराष्ट्र खरंच म्हातारा होतोय का?

हो, आणि आपल्याला वाटतं त्यापेक्षा वेगाने.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ निघाला. म्हणजे एका बाईला सरासरी १.७ मुलं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर हा आकडा २.१ लागतो. देशाचा दर २.०, बिहारचा ३.०, तर गोव्याचा १.३ आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. २०२१ साठी सरकारी तज्ज्ञगटाचा अंदाज ११.७ टक्क्यांचा होता, आणि २०३१ मध्ये हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास जाईल असं त्यांचं गणित सांगतं. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० मध्ये भारतातला प्रत्येक पाचवा माणूस ज्येष्ठ नागरिक असेल. आज पंचविशीत असाल तर तेव्हा तुम्ही पन्नाशीत असाल, आणि तुमचे आईवडील ऐंशीच्या घरात.

इथे वेग महत्त्वाचा आहे. पासष्टीपुढच्यांचं प्रमाण ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला शंभराहून जास्त वर्षं लागली. जपानने हे अंतर १९७० ते १९९४ अशा २४ वर्षांत कापलं. पण १९९४ चा जपान जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक होता. आपण ७ टक्क्यांचा टप्पा नुकताच गाठलाय, आणि आपलं दरडोई उत्पन्न अजून तीन हजार डॉलरच्याही आत आहे.

जपानने काय केलं?

जपानमध्ये आज साधारण २९ टक्के लोक ६५ च्या पुढचे आहेत. २००० साली तिथे वृद्धांच्या शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा आला. चाळिशी गाठली की प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो, आणि म्हातारपणी घरी येणारी नर्स, अंघोळ घालणारा मदतनीस किंवा डे-केअर यांचा बराचसा खर्च त्यातून निघतो. वाढत्या खर्चासाठी सरकारने २०१४ मध्ये उपभोग कर ५ वरून ८ टक्के केला आणि २०१९ मध्ये १० टक्के. तरीही भागलं नाही. सरकारवरचं कर्ज देशाच्या जीडीपीच्या दुपटीहून जास्त आहे.

थोडक्यात, जपानमध्ये म्हातारपण सरकारच्या ताळेबंदात दिसतं. त्यावर संसदेत भांडण होतं, निवडणुकीत चर्चा होते. आपल्याकडे ते किराणा, औषधं आणि मुलांची फी यांच्या शेजारी घरखर्चाच्या वहीत दिसतं.

पण पेन्शनवरून आपल्याकडेही आंदोलनं होतात की!

होतात. मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक आठवडाभर संपावर गेले होते. जुन्या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि त्यावर महागाई भत्ता मिळायचा. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत आलेल्यांसाठी ती बंद झाली आणि बाजारावर अवलंबून असलेली नवी योजना आली. केंद्राने २४ ऑगस्ट २०२४ ला मधला मार्ग म्हणून 'युनिफाइड पेन्शन स्कीम' जाहीर केली आणि महाराष्ट्राने दुसऱ्याच दिवशी ती स्वीकारायचं ठरवलं.

कर्मचाऱ्यांची बाजू समजण्यासारखी आहे आणि सरकारची अडचणही खरी आहे. पगार, पेन्शन आणि कर्जावरचं व्याज यातच राज्याच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा जातो. पण ही सगळी चर्चा ज्यांना काहीतरी पेन्शन मिळणारच आहे अशांबद्दल आहे. नीती आयोगाने २०२४ मध्ये ज्येष्ठांवर एक अहवाल काढला. त्यानुसार भारतातल्या ७८ टक्के ज्येष्ठांना कुठल्याच पेन्शनचं कवच नाही.

खासगी नोकरीत पीएफ कापला जातो त्यांना ईपीएस-९५ चं पेन्शन असतं. त्याचं सूत्र साधं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हा पगार कमाल १५ हजारच धरतात. म्हणजे चौदा वर्षं नोकरी केली तर १५,००० × १४ ÷ ७० = महिन्याला ३,००० रुपये. प्रत्यक्ष पगार लाखभर असला तरी बहुतेकांच्या बाबतीत हाच हिशोब. वर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. ते वाढवून ७,५०० करा, या मागणीसाठी बुलढाण्यात पेन्शनरांनी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलंय. त्याची रील तुमच्या फीडवर आली असेल असं वाटत नाही.

आणि रिक्षावाले, डिलिव्हरी करणारी मुलं, घरकाम करणाऱ्या मावशी? त्यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. पंचविसाव्या वर्षी खातं उघडून महिन्याला ३७६ रुपये भरले तर साठीनंतर महिन्याला ५,००० रुपये मिळतात. ऐकायला बरं वाटतं. पण महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर पस्तीस वर्षांनंतरच्या त्या ५,००० ची किंमत आजच्या जेमतेम ९०० रुपयांएवढी असेल. योजना वाईट आहे असं नाही, काहीच नसण्यापेक्षा बरीच आहे. फक्त तिच्या भरवशावर म्हातारपण काढता येणार नाही.

शेतकऱ्याला तर रिटायरमेंट हा शब्दच लागू नाही. देशातल्या ज्येष्ठांचं सगळ्यात मोठं सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये झालं. त्यात साठीपुढच्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक तेव्हाही काम करत होते, बहुतेक शेतात.

तुमचा ईएमआय कमी झाला तर आजोबा नाराज का होतात?

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर टप्प्याटप्प्याने ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. होमलोनवाले खूश झाले. पण रेपो दर उतरला की एफडीचे दरही उतरतात, आणि पेन्शन नसलेल्या मध्यमवर्गीय ज्येष्ठांचं घर एफडीच्या व्याजावर चालतं.

हिशोब करून बघा. वीस लाखांच्या एफडीवर साडेसात टक्के व्याज असेल तर महिन्याला साडेबारा हजार येतात. दर साडेसहावर आला की उरतात १०,८३३. म्हणजे महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये गेले, तेही औषधांचं बिल वाढत असताना. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला ८.२ टक्के व्याज मिळतंय आणि २०२३ च्या बजेटने तिची मर्यादा १५ वरून ३० लाख केली. पण तीस लाख रुपये बाजूला असलेले ज्येष्ठ किती?

त्यात आयुष्य लांबलंय. साठी गाठलेला भारतीय माणूस सरासरी आणखी १८ वर्षं जगतो, बायका त्याहून थोडं जास्त. आज ज्या घराचा खर्च ३० हजार आहे तो ६ टक्के महागाईने बारा वर्षांत ६० हजार होतो. व्याज मात्र तेवढंच राहतं. मग मुद्दल मोडायला लागतं, आणि मुद्दल मोडलं की व्याज आणखी घटतं. नवरा बायकोपेक्षा वयाने मोठा आणि बायकांचं आयुष्य जास्त, म्हणून शेवटच्या वर्षांत हातात काही न उरलेली व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते, जिच्या नावावर स्वतःची अशी कमाई कधी नव्हतीच.

आजारपण आलं तर?

याच सर्वेक्षणात चारपैकी तीन ज्येष्ठांना बीपी, शुगर, संधिवात असा एखादा तरी जुनाट आजार होता, आणि आरोग्य विमा पाचपैकी एकाकडेही नव्हता. त्यानंतर काही बदल झालेत. एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही नवी पॉलिसी घेता येते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला.

हे सगळं मुख्यतः हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर कामाचं. ज्येष्ठांचा पैसा जातो तो दर महिन्याच्या गोळ्या, तपासण्या, चष्मा आणि कवळी यांवर. त्यापुढचा खर्च सांभाळणाऱ्या माणसाचा. पुण्या-मुंबईत ब्युरोतून चोवीस तासांची बाई ठेवणं मध्यमवर्गालाही जड जातं.

मग सांभाळतं कोण? केंद्राच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कोणाची तरी देखभाल करत होत्या, दिवसाला सरासरी १४० मिनिटं. पुरुषांमध्ये हे प्रमाण २१ टक्के आणि ७४ मिनिटं. यात मुलांचं करणंही आलं. आज आजी नातवंडं सांभाळते म्हणून सून नोकरीला जाऊ शकते. दहा वर्षांनी आजीलाच सांभाळायची वेळ येते, तेव्हा नोकरी सुटते ती बहुतेक सुनेची किंवा लेकीची. तिचा बुडालेला पगार, थांबलेला पीएफ जीडीपीच्या आकड्यात 'वृद्धत्वाचा खर्च' म्हणून कुठेही नोंदवला जात नाही. आणि तिच्या स्वतःच्या म्हातारपणीच्या शिल्लकीला तिथेच कात्री लागते.

मग काम कोण करणार?

याचं चित्र बघायचं तर कोकणात जा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची ४.८ टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गची २.२ टक्क्यांनी घटली. यामागे जन्मदरापेक्षा मुंबईला जाणारी माणसं जास्त आहेत, पण परिणाम तोच: बंद घरं, आंबा-काजूच्या बागांना मजूर नाहीत, गावात म्हातारी माणसं आणि गणपतीला भरणाऱ्या गाड्या. आता तिथल्या बागांमध्ये आणि बोटींवर नेपाळी कामगार दिसतात. जिल्हा परिषदेच्या शाळांचंही तसंच. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांहून जास्त निघाल्या, तेव्हा त्या बंद करायच्या की नाही यावर मोठा वाद झाला होता.

महाराष्ट्राचं नशीब म्हणजे उत्तर प्रदेश आणि बिहारमधून तरुण माणसं इथे येतात. बांधकाम, हॉटेलं, कारखाने यांचं सरासरी वय त्यांच्यामुळे कमी राहतं. 'परप्रांतीय' या विषयावर इथे जेवढं राजकारण होतं, त्यात या मुद्द्याचा उल्लेख क्वचितच येतो. पण तिथलेही जन्मदर उतरतायत. देशात काम करण्याच्या वयातल्या लोकांचं प्रमाण २०४१ च्या सुमारास शिखर गाठेल, असं २०१८-१९ च्या आर्थिक पाहणी अहवालात म्हटलंय. त्यानंतर उतार.

दरम्यान आपल्याआधी म्हातारे झालेले देश आपल्याकडेच माणसं शोधतायत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार कुशल तरुण पाठवायचं ठरलं आणि जर्मन भाषेचं शिक्षण सरकारी खर्चाने द्यायचंही. मागणीच्या यादीत इलेक्ट्रिशियन आहेत, ड्रायव्हर आहेत, आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या नर्सही आहेत.