बागूल : मुल्हेरच्या गादीवरून गावोगावी गेलेले आडनाव

नामपूर हे मोसम नदीकाठचे बाजारपेठेचे गाव, तालुका बागलाण. नदीच्या उगमाच्या दिशेने गेले की मुल्हेरचा किल्ला लागतो आणि ‘बागूल’ या आडनावाची कथा तेथून सुरू होते. उर्वरित महाराष्ट्रात क्वचितच कानी पडणारे हे आडनाव नाशिक, धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात आणि शेजारच्या डांगमध्ये मात्र सर्रास आढळते.

मुल्हेरवर सतराव्या शतकापर्यंत बागूल राजांची सत्ता होती. येथे पाडलेली महमुदी नाणी व्यापारात चालत. १५९६ मध्ये नारायणशाहाच्या आश्रयाने रुद्रकवीने ‘राष्ट्रौढवंश’ हे २० सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. त्यात मुल्हेर ‘मयूरगिरी’ होते आणि राजवंशाचे मूळ थेट कनौजला जाऊन पोहोचते. मोगल इतिहासकारांनीही या घराण्याचा दावा नोंदवला आहे : कनौजचा जयचंद राठोड हा आमचा पूर्वज आणि हा मुलूख १४०० वर्षे आमच्याकडे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. जयचंद ११९४ मध्ये मारला गेला. तेथून बागलाणची सत्ता संपेपर्यंत जेमतेम ४४४ वर्षे भरतात. दरबारी वंशावळ वाचताना अशी साधी वजाबाकी अवश्य करून पाहावी.

राजांवरून प्रदेशाचे नाव पडले की प्रदेशावरून राजांचे, याविषयी दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली आहेत. मुलांना भिवविणारा ‘बागुलबुवा’ या राजांवरून आला, ही व्युत्पत्ती मात्र ऐकायला गोड असली तरी तिला पुरावा नाही.

१६३८ मध्ये दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाच्या फौजेने मुल्हेरला वेढा घातला. राजा बहर्जी शरण गेला. त्याला मनसब आणि सुलतानपूरची जहागीर मिळाली. पुढे त्याच्या मुलाने इस्लाम स्वीकारला आणि तो दौलतमंद खान झाला. म्हणजे ज्या घराण्याने हे नाव राजपदाला नेले, त्याच्या थेट वारसाकडेच ते उरले नाही.

ते उरले इतरांकडे. आज बागूल मराठा आहेत, बौद्ध आहेत, भिल्ल आहेत, कोकणा आहेत. ‘आम्ही मुल्हेरच्या राजांचे वंशज’ असे केवळ आडनावावरून म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरते. पवार, मोरे, जाधव ही नावेही अनेक जातींत सापडतात. रक्ताच्या नात्याखेरीज धन्याची चाकरी, कुळाचे नाव, राहता मुलूख अशा अनेक वाटांनी आडनाव घरात येऊ शकते. आडनावावरून जात ओळखू पाहणारा माणूस बागलाणात हमखास फसतो.

या नावाला मराठी साहित्यात कायमची जागा मिळवून दिली ती कोणा राजवंशीयाने नव्हे. नाशिकजवळच्या विहितगावात १९३० मध्ये जन्मलेल्या बाबुराव बागूल यांनी १९६३ मध्ये आपला कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘जेव्हा मी जात चोरली होती’.