संगणकात अनोळखी फाइल दिसली? ती मालवेअर आहे का, असं तपासा

आपण न ठेवलेली फाइल घरच्या संगणकात दिसली की कोणी ती उघडून पाहतं, कोणी लगेच डिलीट करतं. दोन्हीत धोका आहे.

नागपूरचं प्रकरण काय सांगतं?

नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांना जून २०१८ मध्ये भीमा कोरेगाव-एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली. त्यांच्या संगणकात सापडलेली पत्रं पुरावा म्हणून पुढे आली. 'आर्सेनल कन्सल्टिंग' या अमेरिकी कंपनीने बचाव पक्षासाठी हार्ड डिस्कची प्रत तपासली. ईमेलमधून शिरलेल्या 'नेटवायर' मालवेअरच्या मदतीने किमान १४ पत्रं लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून टाकली गेली, असा निष्कर्ष तिने २०२१ मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास संस्थेला, म्हणजे एनआयएला, हा दावा मान्य नाही. पण असा तपास शक्य होतो तो डिस्कवर उरलेल्या खुणांमुळेच.

तपासायचं कसं?

१. पूर्ण नाव पाहा. फाइल न उघडता विंडोजच्या 'व्ह्यू'मधून एक्सटेन्शन दिसू द्या. 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' असं नाव असेल तर ती पीडीएफ नाही, प्रोग्राम आहे.

२. जागा पाहा. विंडोजची 'एसव्हीसीहोस्ट' फाइल 'सिस्टम३२' फोल्डरमध्ये असते. त्याच नावाची फाइल 'डाउनलोड्स'मध्ये असेल तर ती संशयास्पद समजा.

३. डिजिटल सही पाहा. राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीची सही दिसते. सही नाही म्हणून फाइल वाईटच असते असं नाही.

४. व्हायरसटोटलवर तपासा. ही वेबसाइट एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून घेते. एखाद्यानेच धोका दाखवला तर तो खोटा इशारा असू शकतो. कोणीच दाखवला नाही तरी पूर्ण खात्री नसते. आधार किंवा बँकेची कागदपत्रं तिथे टाकू नका, कारण टाकलेली फाइल इतर सुरक्षा कंपन्यांना मिळू शकते.

५. स्कॅन करा. विंडोजच्या डिफेंडरने 'फुल स्कॅन' आणि नंतर 'ऑफलाइन स्कॅन' करा.

मालवेअर निघालं तर?

इंटरनेट बंद करा. दुसऱ्या, सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदला. सफाईसाठी केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या वेबसाइटवर मोफत साधनं मिळतात. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

गुन्ह्याचा संशय असेल तर मात्र डिलीट किंवा फॉरमॅट करण्याची घाई नको. आधी तज्ज्ञाकडून डिस्कची प्रत करून घ्या. फाइल तुमची नव्हती, हे दाखवणाऱ्या खुणा त्याच डिस्कवर असतात.