आम्लकारक (वराहखाद्य)

आम्लकारक म्हणजे सामू कमी करण्यासाठी पशुखाद्यात किंवा पिण्याच्या पाण्यात मिसळली जाणारी आम्ले व त्यांचे क्षार. वराहपालनात त्यांचा वापर मुख्यतः नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांसाठी होतो. फॉर्मिक, लॅक्टिक, सायट्रिक, फ्युमेरिक व बेंझॉइक ही यांतील प्रमुख आम्ले होत.

कार्य

लहान पिल्लाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल कमी स्रवते. दुधातील लॅक्टोजपासून जिवाणूंनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल ही उणीव भरून काढते. दूध तुटल्यावर हा आधार जातो व जठरातील सामू वाढतो. प्रथिनांचे पचन करणारे पेप्सिन सुमारे २ ते ३.५ सामूला उत्तम कार्य करते. अपचित प्रथिने आतड्यात उतरल्यास ई. कोलायसारखे जिवाणू वाढून पिल्लांना हगवण लागते. सेंद्रिय आम्लांचे अविघटित रेणू जिवाणूंच्या पेशीत शिरून त्यांची वाढ रोखतात.

मर्यादा

खाद्यातील चुनखडी व जादा प्रथिने आम्लाचा परिणाम क्षीण करतात. मात्रा वाढल्यास पिल्ले खाद्य कमी खातात. द्रवरूप आम्लांमुळे यंत्रे गंजतात, म्हणून क्षार किंवा लेपित आम्ले वापरली जातात. गोठ्यातील स्वच्छता व उबेला आम्लकारक हा पर्याय नाही.

पार्श्वभूमी

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढवर्धक म्हणून खाद्यात प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली. त्यानंतर आम्लकारकांचे महत्त्व वाढले. भारतात जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आली.