बेने इस्राएल समाजाचा क्षेत्रीय अभ्यास

महाराष्ट्रातील मराठीभाषक ज्यू समाजात वावरून, त्याचे घर, सण आणि बोलणे पाहून-ऐकून केलेला मानवशास्त्रीय अभ्यास. ठाणे–पनवेल पट्ट्याच्या एका टोकाला ठाण्याचे (१८७९) आणि दुसऱ्या टोकाला पनवेलचे (१८४९) सिनेगॉग आहे. पण अभ्यास सिनेगॉगपासून सुरू केला, तर तो अर्धाच राहतो. मुंबईतले पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली उभारले. त्याआधी कोकणातले हे ज्यू, म्हणजे ‘शनवार तेली’, शनिवारी घाणा बंद ठेवत आणि धर्म घरातच जपत. सणांची जुनी नावेच पाहावीत : योम किप्पुर म्हणजे दारफाळणी, तिशा बआव म्हणजे बिरड्याचा रोजा. वालाचे बिरडे हिब्रू ग्रंथांत शोधून मिळणार नाही. पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून नवसाला किंवा लग्नकार्याला एलियाहू हनाबीचे (प्रेषित एलियाचे) स्मरण करतात, त्याचेही तसेच. ग्रंथाची फूटपट्टी घेऊन येणारा याला शेजाऱ्यांकडची उसनवारी म्हणेल. १९६०च्या दशकाच्या आरंभी इस्राएलच्या रब्बींनी याच फूटपट्टीने या समाजाच्या विवाहसंबंधांवर शंका घेतली आणि १९६४ मध्ये त्यांना नमते घ्यावे लागले.

आक्षेप असा, की आजचा माहितगार हाईम सॅम्युएल केहीमकरांनी लिहिलेला समाजाचा इतिहास (प्रकाशन १९३७) वाचूनच बोलतो. मग कोकणात नवगावला पूर्वजांचे गलबत फुटल्याची कथा मौखिक परंपरा कशी मानायची? आक्षेप खरा आहे, पण त्याने पद्धत बाद होत नाही. छापील कथेतले काय उचलले, काय गाळले आणि ते कोणासमोर सांगितले, हीच तर नोंदण्याजोगी गोष्ट. समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला, हा दुसरा आक्षेप. त्याचे उत्तर मानवशास्त्रज्ञ शाल्व्हा वाइल यांनी १९७०च्या दशकात इस्राएलमधल्या लोद शहरातल्या बेने इस्राएलांमध्ये काम करून दिले : क्षेत्र माणसांबरोबर सरकते. खरी अडचण वेगळीच आहे. भारतात उरलेला समाज काही हजारांचा, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशा आडनावांत गावच दडलेले. त्यामुळे माहितगाराचे केवळ नाव बदलून त्याची ओळख लपत नाही, गाव आणि नातीही बदलावी लागतात.