मसाड्याचं पाणी

जेरुसलेमहून बस उताराला लागली आणि तासाभरात हिरवं औषधालाही उरलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये निम्मी मंडळी चर्चची, बाकी आम्ही नुसते फिरस्ते. कुमरानला गाइडने १९४७ च्या सुमारास मेंढपाळांना गुहेत चामड्याच्या गुंडाळ्या कशा सापडल्या ते रंगवून सांगितलं. एन गेदीला, शौलापासून पळालेला दावीद याच रानात लपला होता म्हणून एका काकूंनी शास्त्रपाठ वाचला. तोवर बाकीच्यांनी झऱ्यात पाय बुडवून घेतले.

मग मसाडा. मला गडकिल्ल्यांचं वेड. कुठल्याही गडावर गेलो की तटबुरुजांआधी पाणी शोधतो. इथे ते असायलाच नको होतं. मृत समुद्रापासून चारशे मीटरहून उंच सपाट माथा, चहूबाजूंनी कडे, जवळपास झरा नाही, पाऊस वर्षाला चार-पाच सेंटिमीटर. तरी हेरोद राजाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वर राजवाडे बांधले, गरम पाण्याचं स्नानगृह बांधलं, कहर म्हणजे पोहायचा तलावही!

युक्ती पश्चिमेकडे आहे. तिकडच्या डोंगरांत पाऊस झाला की कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. तो बांध घालून अडवायचा, पाटाने वळवायचा आणि वायव्येच्या कड्यात दोन रांगांत खोदलेल्या बारा टाक्यांत भरायचा. सगळी मिळून सुमारे चार कोटी लिटर. तिथून माथ्यावर मात्र पाणी माणसांच्या नाहीतर जनावरांच्या पाठीवरूनच चढायचं. राजाच्या तलावाचं कौतुक करताना या खेपा कोणी मोजत नाही.

दक्षिण टोकाच्या टाक्यात मी पायऱ्या उतरून गेलो. भिंतींना गिलावा अजून चिकटून आहे. बोट फिरवलं तर खाली गुळगुळीत, वर खरखरीत.

पुढे इसवी सन ७३-७४ मध्ये रोमन सेनापती सिल्वाच्या फौजेने गडाला वेढा घातला. वर रोमविरुद्ध उठलेले ज्यू बंडखोर हेरोदाची टाकी वापरत होते आणि खाली वेढा घालणाऱ्यांनाच पाणी लांबून आणावं लागत होतं. वाहून आणणारे कोण, तर जुंपलेले ज्यू. शेवटी रोमनांनी मातीचा उतार रचून तट फोडला, पण आत शरण जाण्याऐवजी मरण पत्करलेल्यांची ९६० प्रेतं मिळाली, असं इतिहासकार जोसेफस लिहितो. तो स्वतः तिथे नव्हता. १९६३ ते ६५ च्या उत्खननात यिगाएल यादिनला तेवढे सांगाडे काही सापडले नाहीत, त्यामुळे या आकड्यावर अभ्यासक अजून भांडतात.

मला जोसेफसच्या हकिगतीतला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. दोन बायका आणि पाच मुलं तेवढी वाचली, कारण ती पिण्याचं पाणी आणणाऱ्या भुयारी नळात लपली होती. आत काय घडलं ते रोमनांना सांगितलं त्यातल्याच एकीने. जोसेफसने दोघींपैकी कोणाचंही नाव दिलेलं नाही. गाइडने तर त्यांचा उल्लेखही केला नाही. केबल कारची वेळ झाली होती आणि मंडळींना मृत समुद्राचा चिखल अंगाला फासायची घाई होती.