जलकुंड, पवित्र (इंग्लिश पॅरिश चर्चमधील)

चर्चमध्ये शिरताना बोटे बुडवून अंगावर क्रुसाची खूण करता यावी म्हणून दाराशी ठेवलेले पवित्र पाण्याचे दगडी पात्र. इंग्रजी नाव स्टूप. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ते बहुधा दाराच्या उजव्या हाताला, द्वारमंडपात किंवा आतल्या भिंतीत असे. कमानदार कोनाडा, तळाशी सुमारे वीतभर रुंदीची कोरीव वाटी आणि भिंतीबाहेर आलेली तिची कड, असा त्याचा नेहमीचा घाट. खांबावरची सुटी पात्रेही आढळतात.

वेदीजवळच्या पिसिनाशी (विधीतील धुण्याच्या कुंडाशी) त्याची गल्लत होते. पिसिनाच्या तळाला निचऱ्याचे भोक असते, स्टूपला सहसा नसते. मसाला कुटण्याचे जुने दगडी खलही पुढे स्टूप म्हणून बसवले गेले वा तसे ओळखले गेले. त्यामुळे सुट्या नमुन्यांचा काळ सांगताना जपून राहावे लागते. कोनाड्याच्या कमानीवरून काढलेला काळही अंदाजाचाच.

पाणी रविवारी मिस्सापूर्वी मीठ घालून आशीर्वादित करीत. कँटरबरीचा आर्चबिशप रॉबर्ट विंचेल्सी (कार्यकाल १२९४–१३१३) याने पॅरिशच्या लोकांनी पुरवायच्या वस्तूंची यादी घालून दिली. तीत पवित्र पाण्याचे भांडे आहे. पण ते हाती न्यायचे. हे पाणी घरोघरी नेणाऱ्या सेवकाचे उत्पन्न गरीब विद्यार्थ्यांना मिळावे, असे एक्झिटरच्या १२८७ च्या धर्मनियमांत म्हटले आहे. बाप्तिस्माकुंडाला मात्र १२३६ च्या सुमारास आर्चबिशप एडमंडच्या आदेशाने झाकण व कुलूप आले, कारण त्या पाण्याचा जादूटोण्यासाठी उपयोग होण्याची भीती होती. स्टूप उघडेच राहिले. येणाऱ्या प्रत्येकाचा हात त्यापर्यंत पोचायला हवा होता.

विध्वंस : सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत (१५४७–५३) पवित्र पाण्याचा विधी बंद पडला, मेरीच्या काळात (१५५३–५८) परतला आणि एलिझाबेथच्या काळात पुन्हा गेला. पार्लमेंटच्या मे १६४४ च्या वटहुकुमात पवित्र पाण्याच्या कुंडांचा नावानिशी उल्लेख आहे, म्हणजे तोवर काही शाबूत होती. आज बहुतेक ठिकाणी कोनाडा उरला आहे आणि वाटीची पुढची कड तुटलेली आहे. सगळ्याच तुटी प्रोटेस्टंट धर्मसुधारकांनी केल्या असे मानता येत नाही. गिलावा सपाट करताना गवंड्यानेही कड छाटली असेल. तरीही ही तूट महत्त्वाचा पुरावा आहे. जीर्णोद्धारात नवी कड बसवली की तो नाहीसा होतो, म्हणून नोंद करताना छिन्नीच्या खुणांचे रेखाटन आधी करावे.

साहित्य : स्थानिक दगड, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट.

पुनरुज्जीवन : एकोणिसाव्या शतकातील अँग्लो-कॅथलिक चळवळीनंतर काही चर्चमध्ये पुन्हा वापर.

गोव्यातील चर्चच्या दारांशी अशी पात्रे वापरात आहेत. ती पोर्तुगीज परंपरेतील.